तुळईचे भिंतीतले टोक

मी एका निरपराध मुलीला चारचौघांत खोटे पाडले, आणि त्या खोट्याचे ओझे तिच्या डोक्यावर अर्धे आयुष्य राहू दिले.

संपादकांनी मला लिहावयास सांगितले ते निराळे होते. घरातील लाकूड कसे कुजते, ते कसे ओळखावे, त्यावर उपाय काय, हे दिवाळीच्या वाचकांना समजेल असे लिहा आणि चारदोन गमतीची गिऱ्हाइके घाला, असे त्यांचे म्हणणे. तेही मी लिहिणार आहे. परंतु वरचे वाक्य प्रथम लिहिल्यावाचून लेखणी पुढे सरकेना. माझा आवाज मूळचाच हळू. जन्मभर लोक मला "काय म्हणालात?" असे विचारीत आले. निदान कागदावर तरी ऐकू येईल असे बोलावे.

मी सुतार. धुळ्यास गणपतआबा नावाच्या वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो आणि पुढे जळगावास बिऱ्हाड केले. नवी घरे बांधणारे सुतार पुष्कळ असतात. आबांकडे आणि नंतर माझ्याकडे लोक येत, ते घर दुखू लागले म्हणजे. आमच्या खानदेशात कौले थोडी, धाबी फार. मातीच्या दोन भिंतींवर जाड तुळई टेकवायची, तिच्यावर आडवे सर, सरांवर काटक्या व पाला आणि त्यावर खारी पांढरी माती चोपून बसवायची. पाणी वाहून जाण्यासाठी कडेला पन्हळ. उन्हाळ्यात असे घर गार राहते, त्याची बरोबरी कौलांना नाही. मात्र या धाब्याला एक खोड आहे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकतात आणि जुनी कोणी काढीत नाही. शेजारीपाजारी जमतात, गूळपाणी होते, सगळे मिळून माती चोपतात आणि खाली उतरतात. वर्षानुवर्षांचे ते थर तुळई मुकाट्याने झेलीत असते.

"लाकूड पाण्याने कुजतं असं कोण म्हणतो?" आबा आम्हाला विचारीत. "विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालतात, ते बांधणाऱ्याच्या नातवालाही पुरून उरतं. जे धड भिजत नाही आणि धड वाळत नाही, ते कुजतं." तुळईचा मधला भाग सर्वांना दिसतो, त्याला वारा लागतो, तो शाबूत राहतो. कूज धरते ती भिंतीत दडलेल्या टोकाला. वरची पन्हळ थोडी गळत असते, भिंतीच्या मातीत ओल मुरते, टोक आतल्या आत घामेजून बसते. वरून रंग तसाच. आतून मात्र लाकूड तपकिरी होते, त्याला उभेआडवे बारीक तडे जातात आणि ते करपलेल्या भाकरीसारखे बोटांनी मोडते.

ते ओळखण्यास आबांना फार साधने लागत नसत. हातोड्याच्या दांड्याने ते भिंतीकडून मधल्या भागाकडे ठोकीत जात आणि डोळे मिटून ऐकत. निरोगी लाकूड खणखणीत उत्तर देते; कुजलेले भद्द वाजते, जणू ओल्या पोत्यावर मारले. मग ते भिंतीशी नाक नेत. कुजक्या लाकडाला अळंब्यांसारखा एक वास येतो, तो एकदा ओळखला की विसरत नाही. एवढ्यानेही शंका राहिली तर गिरमिटाने भोक पाडावे. चांगल्या लाकडाचा कीस वेटोळे होऊन बाहेर येतो, रोगट लाकडाचा नुसता भुगा पडतो.

उपायही वाटतो तितका गहन नाही. पाणी कोठून येते ते आधी शोधावे आणि बंद करावे. ते न करता लाकूड बदलणे म्हणजे गळक्या घागरीत पुन्हा पाणी ओतणे. मग धाब्यावरचा भार उतरवून, खाली टेकू देऊन कुजलेला भाग कापावा. दिसतो तेवढाच कापू नये, चांगल्या लाकडात हातभर आत जावे. नवे टोक जोडून त्याला बिब्ब्याचे तेल गरम असताना पाजावे, खाली सपाट दगड ठेवावा आणि टोकाभोवती बोट जाईल एवढी पोकळी सोडावी, म्हणजे वारा खेळतो. आता डांबर सर्रास मिळते. तेव्हा बिब्बाच होता आणि बिब्बा अंगावर उततो. ते तेल पाजणाऱ्या सुताराचे हात आणि तोंड कित्येक दिवस फोडांनी भरून जाई. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

गिऱ्हाइकांविषयी सांगायचे तर जळगावच्या जुन्या भागात एक बाई होत्या. त्यांच्या माजघरातला खांब बुडाशी कुजे. तिघा सुतारांनी तो बदलला, तो पुन्हा कुजला. आबांना बोलावले. आबा खांबाकडे न बघता आधी पाणी मागून प्याले आणि म्हणाले, "अक्का, पाणी गार आहे. रांजण कुठं ठेवलाय?" रांजण भिंतीच्या पलीकडच्या अंगास, खांबाच्या अगदी पाठीशी पाझरत होता. "खांब राहू द्या, रांजण हलवा." बाई ताठ झाल्या. "रांजण सासूबाईंनी मांडलेला आहे, तो हलायचा नाही. तुम्ही खांबच बदला." आम्ही खांब बदलला. पुढेही बदलीत राहिलो.

दुसरे प्रकरण धुळ्याचे. दोघा भावांच्या वाटणीत एक खांब दोन्ही घरांच्या मधोमध आला. तो कुजला होता. थोरल्याला तो बदलायचा होता. धाकट्याला खर्चात पडायचे नव्हते. आम्ही हत्यारे घेऊन गेलो तो खांबाला शेंदूर फासलेला आणि पुढे नारळ! "मारुती प्रगट झाला," धाकटा हात जोडून म्हणाला. "आता करवत लावाल तर तुमचं तुम्ही बघा." थोरला संतापाने ओरडला. "काल रात्रीपर्यंत हा मारुती कुठं होता रे?" आबांनी दोघांना गप्प केले. खांबापुढे बसून ते म्हणाले, "देवा, तुझं आसन सडलंय. तू दगडावर ये." त्यांनी अंगणातला एक धोंडा धुऊन आणला, खांबावरचा शेंदूर खरवडून त्याला लावला, नारळ त्याच्यापुढे वाढवला आणि करवत उचलली. परतताना मला म्हणाले, "लाकडावर हळद असो, शेंदूर असो, आतलं खरं काय ते सांगायला सुतार बांधलेला आहे. क्षमा मागावी आणि कापावं."

एवढे शिक्षण माझ्या गाठीशी होते. म्हणून पुढे जे घडले त्याला अज्ञानाचा आधार नाही.

एरंडोलजवळच्या एका गावी नाना नावाचे सुखवस्तू शेतकरी होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीची तुळई हे मी आबांना सोडून स्वतंत्रपणे केलेले पहिले मोठे काम. यावलकडून सातपुड्याचे सागवान आणवले होते. झाड कोवळे होते, त्याला बाहेरचा, लवकर कुजणारा पांढरा भाग फार होता. मला ते दिसत होते. तरी तुळई बसवली. भिंतीतल्या टोकाला बिब्ब्याचे तेल पाजावयाचे, तेही पाजले नाही. त्याचे कारण लिहिताना आजही मान खाली जाते. त्याच महिन्यात माझे लग्न ठरले होते. फोडांनी भरलेल्या तोंडाने मला बोहल्यावर उभे राहावयाचे नव्हते. टोक भिंतीत गेले, वर माती आली आणि कोणाला काही दिसले नाही. माझे लग्न थाटात झाले.

काही वर्षांनी नानांच्या मुलाचे, श्रावणचे, लग्न निघाले. तेव्हा पहिली मोठी लढाई संपून थोडाच काळ लोटला होता. फाल्गुनात नानांनी मला बोलावले.

"सुतारभाऊ, तुळईखाले भुगा पडस. दखा बरं."

मी ठोकून पाहिले. मध्ये खणखणीत. भिंतीशी आलो आणि भद्द. पन्हळ नेमकी त्याच टोकावर होती. वासही आला.

"काय म्हनस लाकूड?" नाना हसून म्हणाले. "तुमनाच हातनी शे. तुमले नही सांगी ते कोनले सांगी?"

गिरमिट पिशवीत होते. ते मी काढले नाही. काढले असते तर भुगा पडला असता आणि माझी कोवळी सागाची तुळई, माझी आळशी बसवणूक, सारे नानांच्या तळहातावर आले असते. मी म्हणालो, "काही नही नाना. उन्हमा लाकूड आखडस, त्याना भुगा."

"मंग मांडव घालू ना बिनघोर? बठ्ठा गाव येवाव शे." सगळ्या गावाला त्यांचे आमंत्रण होते.

"घाला."

आणि गेरू अळशीच्या तेलात कालवून मी त्या टोकाला दोन हात रंग दिला. नानांनी मला लग्नाचे आमंत्रण दिले आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवले.

नवरी यावलकडची. नाव यमुना. तिचे वडील जंगलातून लाकडाच्या गाड्या हाकीत. गृहप्रवेशाच्या वेळी तिने हळदीत हात बुडवून बैठकीच्या भिंतीवर दोन पंजे उमटवले, आमच्याकडे तशी रीत आहे. ते पंजे त्या टोकाच्या बरोबर खाली आले.

त्या वर्षी नानांनी माती लवकर, चैत्रातच टाकली. शेजारी वर चढले, चोपणी सुरू झाली. नाना खाली बैठकीत बसून त्यांना गूळपाणी पाठवीत होते. तुळईचे टोक भिंतीतून निखळले आणि वर्षानुवर्षांची माती खाली आली. नाना त्याच दिवशी गेले.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले, कारण त्या घराचा सुतार मी होतो. बैठकीत बायका बसल्या होत्या. नानांच्या पत्नी गंगाअक्का भिंतीला टेकून शून्यात पाहत होत्या. भिंतीवर पिवळे पंजे तसेच होते. तुळई तिरपी पडली होती आणि तिचे टोक उघडे पडले होते, तपकिरी, तड्यांनी भरलेले. मी कोणाकडे न पाहता करवत काढली आणि पहिल्याने ते टोक कापू लागलो. परसात पाणी तापवण्याचा चुलखंड पेटलेला होता. टोक तेथे टाकायचे, एवढाच विचार डोक्यात होता.

कापलेला तुकडा खाली पडला, तो यमुनेने उचलला. तिने तो दाबला. तो तिच्या मुठीत मोडला.

"भाऊ, हे लाकूड सडेल हाये," ती म्हणाली. "पहा ना, भाकरीसारखं मोडतं. आमच्याकडे असं लाकूड चुलीतबी घालत नही."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. जे दिसले ते तिने सांगितले. खोलीतली सगळी तोंडे माझ्याकडे वळली. श्रावणने विचारले, "सुतारभाऊ, खरं शे का?"

त्या क्षणी मला आबा आठवले, हे मी सांगितले पाहिजे. आठवले आणि मी त्यांना बाजूला सारले.

"पोरी, तुले काय समजस लाकूडमा?" मी म्हणालो. "लाकूड चांगलं व्हतं. आघातखाले कोनतंबी लाकूड असंच मोडस."

माझ्या शब्दाला तेव्हा त्या गावात वजन होते. श्रावणने मान हलवली. गंगाअक्कांची नजर भिंतीवरच्या पंजांवर गेली आणि तेथेच राहिली.

"मंग तिना पाय पांढरा शेतस, दुसरं काय?" त्या म्हणाल्या. "भीतले हात लाया नि घर बठनं."

यमुनेने माझ्याकडे पाहिले. तुकड्याचा भुगा तिच्या मुठीत होता. तिने तो टाकला नाही.

पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि मग सासरचा माणूस त्यांना न्यायला येतो. यमुनेलाही रीतीप्रमाणे गाडीत बसवून धाडले. तिला आणायला कोणी गेले नाही. वर्षभराने श्रावणने दुसरे लग्न केले. पांढऱ्या पायाची म्हणून टाकलेल्या मुलीला दुसरे स्थळ कोण देणार? भावाच्या घरी राहून ती केळीच्या बागांत मजुरी करू लागली, असे कानावर येई. तिची ती आखाजी संपलीच नाही.

मी त्या बैठकीत नवी तुळई बसवली. पक्क्या सागाची, टोकाखाली दगड, भोवती पोकळी, आणि बिब्ब्याचे तेल असे पाजले की माझे तोंड सुजून डोळे दिसेनासे झाले. लोक म्हणाले, सुतार मोठा नेक. त्यानंतर तीसचाळीस गावांत माझे नाव झाले ते याच नेकीसाठी. नुकत्याच संपलेल्या लढाईच्या काळात चांगले सागवान लष्कराकडे गेले, लोक कुजकी टोके लपवून दिवस काढू लागले, तेव्हा मी त्यांना दारात उभे राहून रागावत असे. असे टोक लपवणारा पहिला मीच, हे मला एकट्याला ठाऊक होते.

सर्वांत कडू शिक्षा श्रावणने नकळत दिली. त्या दिवसापासून दर वर्षी माती टाकण्यापूर्वी तो मला बोलावी. "सुतारभाऊंनी ठोकी दखं का मंग माती." दर वर्षी मी त्या खोलीत उभा राहून तुळई ठोकीत असे. भिंतीला पांढऱ्या मातीचा हात दिला होता, तरी पंजे कोठे होते ते मला दिसे.

यंदा ठोकले आणि मला काहीच नीट ऐकू आले नाही. माणसांचे बोलणे अजून कळते, पण लाकडाचे बोलणे ऐकणारे कान गेले आहेत. ज्या कानांच्या जोरावर मी जगलो आणि ज्यांनी त्या फाल्गुनात मला खरे सांगितले होते, ते कान. मी श्रावणला म्हणालो, "आते दुसरा सुतार दखा." तो हसला. त्याचेही केस पिकले आहेत.

"काय भाऊ! तुमना शब्द म्हंजे लोखंड. त्या दिनले तुम्ही नसतात ते लोके लाकूडले नावं ठेवतात."

मी पायऱ्या उतरून आलो, ते घरी न जाता यावलच्या वाटेला लागलो.

तेथे पोचलो तो आखाजीचाच दिवस होता. गावात कडुनिंबाला झोके बांधले होते, माहेरवाशिणींची गाणी चालली होती. यमुना भावाच्या ओट्यावर केळीची पाने निवडीत बसली होती. केस पांढरे, हात माझ्यासारखेच घट्टे पडलेले. तिने मला ओळखले. मी हळूच, इकडे तिकडे पाहत सारे सांगितले. बिब्ब्याचे, गेरूचे, गिरमिट न काढल्याचे. तिने पाने निवडणे थांबवले नाही.

"मले काय सांगता?" ती म्हणाली. "मले तं तव्हाच माहीत होतं."

मी पाया पडू लागलो तेव्हा तिने पाय मागे घेतले.

"हेच ते पाय, भाऊ. याले हात लावू नका." मग म्हणाली, "जठी मले नाव ठेवलं, तठीच सांगा. बठ्ठे असतील तव्हा. माय गेली माही, बाप गेला, दोघं मलेच दोष देऊन गेले. मी येईन आयकायला. त्या घरात पाय नही ठेवणार. बाहेरून आयकीन."

माती टाकण्याच्या दिवशी मी आधीच जाऊन बसलो. शेजारी जमले, गूळपाणी झाले. गंगाअक्का आता फार थकल्या आहेत. त्यांना खाटेसकट बैठकीत आणले होते. भावाची गाडी गल्लीत थांबली. यमुना उतरली आणि दारासमोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसली. श्रावणने तिला ओळखले, त्याची बायको दाराआड झाली.

मी तुळईच्या त्या टोकाखाली उभा राहिलो आणि बोललो. किती हळू बोललो ते मला कळले नाही.

बाहेरून यमुनेचा आवाज आला. "आयकू नही आलं."

मी घसा साफ केला आणि पुन्हा बोललो. गंगाअक्का उठून बसल्या. श्रावणच्या हातातला गुळाचा खडा तसाच राहिला.

"आयकू नही आलं, भाऊ."

तेव्हा मी दाराकडे तोंड केले आणि जन्मात कधी काढला नव्हता तेवढा आवाज काढला.

"यमुना खरं बोलनी व्हती! लाकूड सडेल व्हतं, ते माले माहीत व्हतं. तुळई मी बसाडी, रंग मी लाया, नाना माना पापखाले गयात आणि खोटं मी बोलनू. तिना पायमा काही दोस नही, कधीच नव्हता. यमुनाबाई, मी तुमना जलम नासाडा. माले माफ करा."